वरकड उन्हाचं काय करायचं?

गेल्या वर्षीच्या मार्चमधली दुपार. गोठ्याच्या पत्र्यावर चार नवे सोलर पॅनल बसवून झाले होते. प्रत्येक पॅनलच्या पाठीला वहीएवढा एक मायक्रो-इन्व्हर्टर. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. वायरिंग पूर्ण, सगळे नट आवळलेले. आणि आउटपुट शून्य.

मी खालून ओरडून विचारलं, "बिघडलं काय रे?"

फिटिंग करणारा पोरगा आमच्याच सायखेड्यातला. तो वरूनच म्हणाला, "बिघडलेलं काही नाही. त्याला लाइन दिसत नाहीये. लाइन दिसल्याशिवाय तो चालूच होत नाही."

वायरिंगसाठी त्याने घरातला मोठा इन्व्हर्टर बंद ठेवला होता. तो खाली उतरला, घरात जाऊन इन्व्हर्टर चालू केला. पुढची काही मिनिटं काहीच झालं नाही. मग गोठ्यावरचे दिवे एकेक करत हिरवे झाले.

त्याच्या दृष्टीने काम संपलं होतं. मला मात्र ती पाच-सात मिनिटं सोडवेनात. डोक्यावर रणरणतं ऊन, पॅनल कोरे, आणि यंत्र म्हणतंय की दुसरं कुणी सोबत असल्याशिवाय मी वीज करणार नाही. ज्या घराने सौर यंत्रणा मुळात 'कुणावर अवलंबून राहायला नको' म्हणून बसवली, त्या घरात हे जरा खटकणारं होतं.

*

आमचा मळा गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला. सायखेडा आणि पलीकडचं चांदोरी ही पुराची गावं. वर नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सुटतं, खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, आणि मध्ये आम्ही. २०१६ च्या ऑगस्टात पाणी गावात आलं, २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी आमच्या मळ्याचा डीपी पाण्यात गेला. पूर ओसरल्यावरही आम्ही पुष्कळ दिवस अंधारात काढले. यात कुणाची चूक नव्हती. नदीच तशी आली होती.

त्यानंतर वडिलांनी ठरवलं की मळ्यातलं घर स्वतःच्या विजेवर चालवायचं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. घराच्या स्लॅबवर ३३० वॅटचे सहा पॅनल, ३ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि साधारण १० युनिट साठवणारी लिथियम बॅटरी. हप्ते माझ्या पगारातून. चांगल्या उन्हाच्या दिवशी नऊ-दहा युनिट वीज व्हायची आणि घराला आठ-नऊ पुरायची. अडचण पावसाळ्यात. ढग सलग राहिले की निर्मिती तिसऱ्या हिश्शावर यायची, कधी त्याहूनही खाली. म्हणून आणखी चार पॅनल.

स्लॅबवर जागा नव्हती. गोठा घरापासून साठेक मीटरवर, आणि दुपारनंतर लिंबाची सावली त्याच्या अर्ध्या पत्र्यावर येते. जुन्या पद्धतीने पॅनल एका माळेत जोडले तर एकावर पडलेली सावली सगळ्या माळेला खाली ओढते. शिवाय कमी व्होल्टेजची डीसी वीज इतक्या लांब आणायची तर वायर जाड लागते. मायक्रो-इन्व्हर्टरमध्ये प्रत्येक पॅनल आपापला राहतो, जागेवरच २३० व्होल्ट एसी होते आणि साधी केबल घरापर्यंत येते. म्हणून ते घेतले.

पण त्यांची एक अट असते. ते मुळात वीज कंपनीच्या लाइनला जोडायला बनवलेले. लाइनचं व्होल्टेज आणि सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी तिची लय ऐकायची, आणि त्या लयीत आपली वीज मिसळायची, एवढंच त्यांना येतं. लाइन गेली की ते क्षणात थांबतात. याला 'अँटी-आयलंडिंग' म्हणतात. बेट होऊ न देणं. कारण साधं आहे: लाइन बंद आहे असं समजून कुणी वायरमन खांबावर चढलेला असेल, आणि माझ्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणजे यंत्राचा हा हट्ट एका न दिसणाऱ्या माणसासाठी आहे.

आमच्याकडे बाहेरची लाइन जोडलेली नाही. तिची जागा घरातला मोठा इन्व्हर्टर घेतो. तो बॅटरीतून लय तयार करतो आणि गोठ्यावरचे चौघे ती ऐकून कामाला लागतात. म्हणून तर त्यांची एकूण ताकद मोठ्या इन्व्हर्टरच्या आत ठेवावी लागते. चार गुणिले ५४०, म्हणजे २१६० वॅट, ३ केव्हीएच्या आत. आणि त्यांनी केलेली वीज झेलायला बॅटरीही पुरेशी लागते.

*

आता खरा प्रश्न. बॅटरी भरली की काय?

वीज तयार होते त्याच क्षणी कुठेतरी जावी लागते. बॅटरी भरलेली, घरात फ्रिज सोडून काही चालू नाही, आणि छपरावर मात्र ऊन. अशा वेळी मोठा इन्व्हर्टर आपली लय मुद्दाम थोडी वाढवतो. पन्नासाची एक्कावन्न, त्याच्याही थोडी पुढे. गोठ्यावरच्या चौघांना तो इशारा कळतो: बास करा. ते निर्मिती कमी करतात, गरज पडली तर थांबतात. पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतात.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये हे रोज दिसतं. सकाळी आलेख चढायला लागतो, डोंगरासारखा. साडेअकराच्या सुमारास बॅटरी भरते आणि डोंगराचं शिखर कुणी विळ्याने कापावं तसं सपाट होतं. चार वाजेपर्यंत सपाट. वाईट दिवसांसाठी घेतलेले पॅनल चांगल्या दिवशी वरकड ठरतात, हा ऑफ-ग्रिडचा नियमच आहे. मला तो माहीत होता. पण रोज कापलेलं शिखर बघायची मला सवय झाली नाही.

त्यात एप्रिल आला. द्राक्षबागेच्या खरड छाटणीला दरवर्षी सुरगाण्याकडून एक कुटुंब येतं. निफाड तालुक्यातल्या कितीतरी बागा पेठ-सुरगाण्याच्या हातांवर उभ्या आहेत. हे कुटुंब गोठ्याच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहतं. नवरा-बायको, तिची सासू, दोन मुलं. खोलीत लाइट नव्हती. संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला आमच्या ओसरीवर यायचे आणि रांगेने ठेवून जायचे.

मी नानांना म्हटलं, रोज दुपारी तीन-चार युनिट वाया जाताहेत, खोलीला लाइन देऊ. ते म्हणाले, "दे की. वाया जाण्यापेक्षा बरं." फिटरला बोलावून नीट अर्थिंग करून, आरसीसीबी लावून लाइन दिली. एक बल्ब, एक पंखा, एक प्लग. आणि अशी सेटिंग केली की बॅटरी भरलेली असेल तेवढ्याच वेळात ती लाइन चालू राहील. मला फार बरं वाटलं होतं. खर्च शून्य, पुण्य भरपूर.

आठ दिवसांनी मीटर बघितला. जवळजवळ काहीच जळलेलं नव्हतं. बघण्याआधीच कळायला हवं होतं. दुपारी ते सगळे बागेत असतात. जेवायला अर्धा तास लिंबाखाली टेकतात, कारण पत्र्याची खोली तेव्हा भट्टी असते आणि पंखा गरम हवाच फिरवतो. त्यांना लाइट हवी होती रात्री. मी दिली होती ती दुपारी.

*

विनोबांची भूदान चळवळ १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला सुरू झाली. लाखो एकर जमीन दान मिळाली, आणि त्यातली पुष्कळशी खडकाळ, नापीक किंवा वादातली निघाली. शाळेत हे वाचताना मला दात्यांचा राग आला होता. आता तो राग कुठे ठेवायचा कळेना. मीही माझ्या दिवसातला खडकाळ तुकडाच दिला होता: ज्याची मला किंमत नाही आणि ज्याचा त्यांना उपयोग नाही असा.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ च्या सुमारास मालमत्तेबद्दल एक मुद्दा मांडला होता. निसर्गातून माणूस कष्टाने जे घेतो ते त्याचं होतं, पण दोन अटींवर. इतरांना पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. आणि घेतलेलं आपल्याकडे नासता कामा नये. नासतं ते आपल्या वाट्याच्या पलीकडचं. उन्हाला हे लावून बघा. पहिली अट आपोआप पाळली जाते: माझ्या पॅनलवर पडलेल्या उन्हाने शेजाऱ्याचं ऊन कमी होत नाही. दुसरी अट मात्र मी रोज साडेअकराला मोडतो. दूध नासायला दिवस लागतो, द्राक्षाला आठवडा. वीज त्याच क्षणी जाते. खरं तर नासतही नाही, होतच नाही. जे झालंच नाही त्याच्यावर कुणाचा हक्क कसा सांगणार?

हा युक्तिवाद सोयीचा आहे आणि म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. वरकड विजेवर बोलत राहिलं की बॅटरीवर बोलावं लागत नाही. दुपारचं ऊन कुणाचंही असो, खरी वस्तू आहे ती रात्रीच्या दहा युनिटांची. ती मोजकी आहे. त्यातलं मी दिलं तर माझं कमी होतं. नैतिक प्रश्न तिथे सुरू होतो.

आमच्या भागाला हे नवीन नाही. नाशिकच्या धरणांतलं पाणी मराठवाड्यासाठी जायकवाडीला सोडायचं का, यावर इथे दर दोन-चार वर्षांनी मोर्चे निघतात. २००५ चा कायदा म्हणतो, एका खोऱ्यातल्या पाण्याचं वाटप समन्यायी हवं. मेंढेगिरी समितीने त्याचं सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. नाना या सूत्रावर चिडतात. "पूर आला की आम्ही बुडायचं, आणि दुष्काळ आला की आम्हीच द्यायचं?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट मला त्या सूत्रात आवडते. वरच्या माणसाला काय वाटतं, त्याचं मन किती मोठं आहे, यावर ते खालच्याचं पाणी ठेवत नाही. तारीख ठरलेली, टक्के ठरलेले.

*

मग मी सेटिंग बदलली. खोलीची लाइन रात्रीही चालू, पण बॅटरी ४० टक्क्यांवर आली की रिले पडणार आणि ती बंद होणार. उरलेले ४० टक्के घराचे. हे मला तेव्हा अगदी न्याय्य वाटलं.

ऑक्टोबरात गोडी छाटणीला तेच कुटुंब परत आलं. परतीच्या पावसाने सलग तीन दिवस ढग धरले. तिसऱ्या रात्री नऊच्या सुमारास मी ओसरीवर बसलो होतो आणि समोरची खोली एकदम काळी झाली. चुलीचा लालसर उजेड तेवढा दारात राहिला. आत थोरली मुलगी काहीतरी मोठ्याने वाचत होती, तिचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

आमच्या घरात टीव्ही चालू होता. राउटर चालू होता. आणि अंगणात ५० वॅटचा फ्लड लाइट, संध्याकाळी सहा ते पहाटे पाच. त्या उजेडात कुणी बसलेलं नव्हतं.

मी मोबाइलवर हिशेब केला. खोलीचा नऊ वॅटचा बल्ब पाच तास, पन्नास वॅटचा पंखा आठ तास, दोन फोन: सगळं मिळून अर्धा युनिट. आमचा अंगणातला दिवा रात्रभरात जाळतो साधारण अर्धा युनिट, थोडा जास्तच. म्हणजे पाच माणसांची रात्र आणि आमचं रिकामं अंगण यांची किंमत सारखी होती. आणि बॅटरी कमी झाल्यावर कोण आधी विझणार, हे मी ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. अ‍ॅपमध्ये दोन रकाने होते, 'आवश्यक' आणि 'अनावश्यक'. खोली मी दुसऱ्यात टाकली होती. त्या वेळी त्यावर दोन सेकंदही विचार केला नव्हता.

सकाळी मी तिला म्हटलं, "मावशी, रात्री लाइट गेली, सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "फुकटची आहे दादा. रोज येते तेच पुष्कळ. फुकटच्याला कसं विचारायचं?"

मी या वाक्यावर बरेच दिवस अडकलो. मला वाटत होतं की फुकट देणं हा माझा चांगुलपणा. तिच्या बाजूने फुकट म्हणजे तक्रार करायचा हक्क नसणं. मी जितका उदार, तितकं तिचं तोंड बंद.

*

नानांशी बोललो तर त्यांनी सरळ विचारलं, "हप्ते कोण भरतं? उद्या आठ दिवस ऊन पडलं नाही, तुझ्या आईचं औषध फ्रिजमध्ये आहे, मग? आधी घर."

ते चुकीचं बोलत नव्हते. इन्सुलिन आणि पंखा यांत निवड करायची तर इन्सुलिन. पण त्यांच्या वाक्यात 'घर' हा शब्द सगळं काम करत होता. घर म्हणजे फ्रिज, आणि त्याच्या आडून टीव्ही, फ्लड लाइट, कडबाकुट्टीसुद्धा. आपण आपल्या गरजांच्या रांगेत चैन उभी करतो आणि मग रांगेला 'घर' म्हणतो. पलीकडच्यांची मात्र गरजही रांगेबाहेर.

जुन्नर तालुक्यात दरेवाडी म्हणून एक छोटी वाडी आहे. तिथे २०१२ मध्ये गावाचंच स्वतंत्र सौर मायक्रोग्रिड उभं राहिलं, साधारण साडेनऊ किलोवॅटचं, ३९ घरांसाठी. बाहेरची लाइन नव्हतीच. घरोघरी मीटर, वापरेल त्याने पैसे भरायचे, आणि कारभार गावातल्या लोकांच्या हातात. आमच्या दहा युनिटांच्या मळ्याशी त्याची तुलना होत नाही, पण एक फरक लक्षात येतो. तिथे ज्याच्या घरातला दिवा जाणार आहे, तो नियम ठरवताना हजर असतो.

मी तिला विचारलं, "काय केलं तर तुम्हाला विचारता येईल?" मला वाटलं होतं ती महिन्याला पन्नास-शंभर देऊ म्हणेल. ती नवऱ्याशी बोलली आणि दुसऱ्या दिवशी दोघे नानांकडे आले. "नाना, पुढच्या खेपेला लाइट बोलीत घ्या."

छाटणीचं काम उक्तं असतं. एकराचा दर ठरतो, आणि त्याबरोबर खोली, पाणी, जळण हे बोलीत येतं. बोलीत आलेली गोष्ट उपकार नसते. ती नाही मिळाली तर माणूस मालकाच्या दारात उभा राहून विचारू शकतो, काम थांबवू शकतो. तिला वीज जास्त नको होती. तिला ती बोलीत हवी होती.

नाना जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "दर कमी करणार का मग?" ती म्हणाली, "दर नाही कमी होणार. पाण्याचा कधी केला होता?" नाना हसले. मी त्यांना अशा बोलण्यात हरताना फारसं पाहिलेलं नाही.

*

या एप्रिलपासून रिलेचा क्रम बदलला. बॅटरी ५० टक्क्यांवर आली की अंगणातला दिवा आणि कडबाकुट्टी बंद. ४० वर टीव्ही. ३० वर दोन्हीकडचे पंखे. त्याखाली आमच्याकडे फ्रिज आणि एक बल्ब, त्यांच्याकडे एक बल्ब आणि एक प्लग, शेवटपर्यंत. हा क्रम कागदावर लिहून खोलीच्या दारामागे चिकटवला आहे, कारण अ‍ॅप माझ्या एकट्याच्या मोबाइलवर आहे. थोरल्या मुलीने तो वाचून आजीला समजावला, आणि मग मला विचारलं, "तुमचे पंखे खरंच बंद होतात का, ते आम्हाला कसं कळणार?" प्रश्न बरोबर होता. आता ओसरीच्या भिंतीवर टक्के दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे. येता-जाता कुणालाही दिसतो.

यातून सगळं सुटलं असं मला म्हणायचं नाही. मालक आम्हीच आहोत. रिलेला हात लावायचा पासवर्ड माझ्याकडे आहे. ते कुटुंब दोन छाटण्यांपुरतं येतं, मधल्या महिन्यांत त्यांच्या पाड्यावर त्यांच्या लाइटचं काय होतं याची मी कधी चौकशी केलेली नाही. आणि दुपारचं शिखर अजूनही कापलं जातं. थोडं पाणी तापवतो, कडबाकुट्टी बाराला चालवतो, तरी उरतंच. ते तसंच राहणार. त्याचा मला आता पूर्वीइतका त्रास होत नाही. जे रोज उरतं त्याच्याबद्दल उदार होणं सोपं होतं, आणि मी वर्षभर त्या सोप्या प्रश्नात रमलो होतो.

खरी परीक्षा अजून झालेली नाही. या उन्हाळ्यात बॅटरी एकदाही ५० च्या खाली गेली नाही, त्यामुळे नव्या क्रमाची वेळच आली नाही. ऑक्टोबरात ते परत येतील. परतीचा पाऊस पाच-सहा दिवस रेंगाळला, आकडा ३० च्या खाली उतरला, आई घामाने जागी झाली आणि नाना म्हणाले, "आजच्या रात्रीपुरतं आपला पंखा चालू कर, त्यांना काय कळतंय," तर मी काय करेन, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

फक्त एक बदल झालाय. ओसरीवर डिस्प्ले आहे आणि दारामागे कागद. त्या रात्री मी काहीही केलं तरी सकाळी ती येऊन विचारू शकते.